तू का पडली नाहीस?

तुझ्या लेकीचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या बोर्डाचे पेपर तपासत बसले होते. "मॅडम, आई गेली," ती म्हणाली. आणि मी विचारलं, "कुठं?"

लहान मुलाला समजावून सांगावं तशी ती सावकाश म्हणाली, "वारली मॅडम. मंगळवारी." तो शुक्रवार होता. म्हणजे तीन दिवस तू नव्हतीस आणि मी दही लावलं, गाडीत हवा भरून आणली, स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी साखरपुड्याचे पेढे खाल्ले. त्यातल्याच एका संध्याकाळी मनात आलंही होतं, की तुला फोन करायचा राहिलाय. नेहमीचाच प्रश्न विचारायला. तू वैतागायचीस त्याला. "अवो ताई, किती डाव इचारताल? न्हाय पडले ते न्हाय पडले की."

आता कुणाला विचारू?

तुझं नाव इथं लिहीत नाही. तुझ्या लेकीनं बजावलंय. "लिहायचं तर लिहा मॅडम, आईवर कुणी लिहिलेलं मला आवडेल. पण तिचं नाव नको, माझं नको, आणि मी कुठं नोकरी करते ते तर नकोच." तिच्या ऑफिसात आडनावावरून तिला सगळे वेगळ्याच जातीची समजतात, आणि तिला ते तसंच राहू द्यायचंय. मी वाद घालायला तोंड उघडलं होतं. मग आठवलं, तुझ्या बाबतीत मी असं विचारलंसुद्धा नव्हतं. तिला हो म्हणाले. पण ती बरोबर आहे की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवते आणि तू आमच्या मुलींच्या हॉस्टेलात भाकऱ्या करायचीस. आपली ओळख एवढीच. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी पहिल्या दिवसापासून तुला 'अगं' म्हणत आले आणि तू शेवटच्या फोनपर्यंत मला 'तुमी'. हे आत्ता लिहिताना खटकतंय, इतकी वर्षं खटकलं नाही. आता एकदम 'तुम्ही' म्हणायला लागले तर तू हसशील.

सहा वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात सिनेमा होता. लहानपणी वडील मला रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे दाखवायला न्यायचे. वस्तीच्या शेवटच्या टोकापलीकडचा लांबच लांब माळ, घोड्यावरून आलेला गोरा तरुण, आणि डोंगरामागच्या टोळीतली एक मुलगी. ती त्याला वाट दाखवते, त्याच्यापायी आपल्या माणसांशी वैर घेते, आणि शेवटी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरते. मी दर वेळी रडायची. सोलापूरजवळ होटगीच्या पुढचा माळ मला अगदी तसाच दिसायचा. म्हणून मी आपल्याकडची तशी गोष्ट लिहिली. तिकडं पहिल्यांदा रेल्वेचे रूळ पडत होते तो काळ, जमीन मोजायला पुण्याहून आलेला एक तरुण, आणि माळावर तित्तरांना फासे लावणारी पारध्याची पोरगी. चाळीस मिनिटांचा सिनेमा. लेखन माझं, दिग्दर्शन माझं, हौस माझी. पारध्यांचं चालणं-बोलणं खरं वाटावं म्हणून मला 'त्यांच्यातलं' कुणीतरी हवं होतं, आणि ऑफिसातल्या एकानं हळूच तुझं नाव सांगितलं.

मी भर दुपारी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "अगं, तू पारधी आहेस ना?"

तव्यावरचा तुझा हात थांबला. तू आधी दाराकडं पाहिलंस. बाकीच्या दोघी बाहेर भांडी घासत होत्या. मग माझ्याकडं पाहिलंस. "तुमाला कुणी सांगितलं?"

मला वाटलं तुला लाज वाटतेय. मी म्हणाले, "त्यात लाजायचं काय? मला तर अभिमान वाटतो."

"तुमाला वाटतोय व्हय," तू म्हणालीस. "बरं हाय."

तव्यावरची भाकरी करपली. ती तू स्वतःच्या ताटाला काढून ठेवलीस.

मग रविवारी दुपारी तू जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर यायला लागलीस. मला काय हवंय ते तुला कळावं म्हणून मी एक जुना परदेशी सिनेमा लावून दिला. भाषा तुला येत नव्हती, मी मधेमधे सांगत होते. अर्ध्या तासानं तू विचारलंस, "हिची आई कुटं हाय?"

"कुणाची?"

"ह्या पोरीची. बाप दिसतोय की, पिसं खोवून बसलाय. आई न्हाय दावली."

मी म्हणाले, गोष्टीत तिचं काही काम नाही. तू बरं म्हणालीस. शेवटी ती मुलगी गोळी लागून पडली तेव्हा मी सवयीनं डोळे पुसले आणि बाजूला पाहिलं तर तू माझ्याहून जास्त रडत होतीस. पदरानं नाक पुसत म्हणालीस, "एवढी मेली पोरगी. तिच्या घरचं कुणी रडताना का न्हाय दावलं? निस्ता ह्योच रडतोय."

हे तुझं बोलणं मी नंतर किती ठिकाणी सांगितलं असेल. चर्चासत्रात, वर्गात, एकदा आकाशवाणीवर. लोक माना डोलवतात. सिनेमात कुणाचं दुःख दाखवतात आणि कुणाचं वगळतात, हे एका भाकरी करणाऱ्या बाईनं एका वाक्यात सांगितलं, असं मी म्हणते. पण पुढच्या रविवारी तू आल्या आल्या म्हणालीस, "त्योच लावा की. घोड्याचा." आणि तीनदा पाहिलास, आणि तिन्ही वेळा रडलीस, आणि हिरो देखणा आहे पण घोडा त्याच्यापेक्षा शहाणा आहे असंही म्हणालीस, हे मी कुठंच सांगत नाही. सांगितलं तर तुझ्या त्या प्रश्नाचं काय करायचं, तेच मला कळत नाही.

मुख्य भूमिकेला मी पुण्याहून सानिकाला बोलावलं होतं. गुणी मुलगी. महिनाभर तू तिला अनवाणी चालायला शिकवलंस, उकिडवं बसायला, फासा लावायला, तुझ्या बोलीतली चार वाक्यं बोलायला. शूटिंगच्या पहिल्या सकाळी तिचा चेहरा, मान, हातपाय रंगवून काळपट केले होते आणि केसांत एक लांब पीस खोवलं होतं. ते पीस कुठून आलं हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तू तिच्याभोवती एक फेरी मारलीस.

"पीस कशाला? कोंबडी हाय का ती?"

सगळे हसले. पीस काढलं.

"आन रंग लई झाला. एवढ्या काळ्या आमी न्हाय ओ."

पुन्हा सगळे हसले. तूही हसलीस. रंग तसाच राहिला, कारण कॅमेऱ्यात तो चांगला दिसत होता.

त्याआधी एकदा, फक्त एकदाच, तू मला विचारलं होतंस. भाजी निवडता निवडता, मान वर न करता. "माजी लेक हाय की अठराची. तिला घेतलंत तर रंग लावायला नगं."

मी तुला समजावलं. कॅमेऱ्याची सवय लागते, संवाद पाठ करावे लागतात, पुन्हा पुन्हा तेच करावं लागतं. हे सगळं खरंच होतं. पण मी पुढं असंही म्हणाले, "आणि लोकांना हिरॉइन आवडली पाहिजे गं."

"मंग आमी आवडत न्हाय म्हना की," तू म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले. मग तू मेथीच्या काड्या गोळा करून उठलीस. परवा तुझ्या लेकीला मी हे सांगितलं. वाटलं, तिला राग येईल. ती म्हणाली, "बरं झालं घेतलं नाहीत. आज ऑफिसात कुणीतरी मोबाइलवर बघत बसलं असतं." आता सांग, मी माफी कशाची मागायची?

एप्रिलातला शूटिंगचा तो शेवटचा दिवस. दुपारी बाभळीखाली जेवायला बसलो होतो. संध्याकाळच्या उजेडात शेवटचा शॉट घ्यायचा होता. ती मुलगी त्याला सावध करायला माळावरून धावत सुटते, मागून शिपाई गोळी झाडतात, ती पडते. तू शेंगाचटणीला भाकरी लावत विचारलंस, "तिला मारताय कशाला?"

"गोष्टच तशी आहे."

"कुणी सांगितली अशी गोष्ट?"

मला जरा राग आला. मी म्हणाले, "अशा प्रेमाचा शेवट असाच होतो. ती दोघं दोन वेगळ्या जगातली आहेत. म्हणून तर लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं."

"आन त्यो? त्यो न्हाय मरत?"

"तो जन्मभर झुरत राहतो."

"झुरतोय," तू म्हणालीस. "जित्ता ऱ्हाऊन झुरतोय. बेस हाय." आणि घास तोंडात घातलास. तेवढ्यात सानिकाला उन्हानं चक्कर आली आणि सगळे तिकडं धावले.

तिला गाडीत झोपवलं. उजेड उतरत चालला होता. शॉट लांबून, पाठमोरा होता, चेहरा दिसणारच नव्हता. अंगानं तू सानिकाएवढीच बारीक. मी तुला तिचं लुगडं नेसायला सांगितलं. नीट समजावलं. पळत जायचं, त्या उंचवट्यापर्यंत. फटाका वाजला की पडायचं. तू दोन्ही वेळा मान हलवलीस. मी विचारलं, "कळलं ना?" तू म्हणालीस, "कळलं की."

तू पळालीस. मी आयुष्यात कुणाला तसं पळताना पाहिलेलं नाही. आमच्या माणसानं सुतळी बॉम्ब लावला. तो वाजला, बाभळीवरची पाखरं उडाली. तू पडली नाहीस. मी ओरडले, "पड!" तू पळतच होतीस. कॅमेऱ्यावर इरफान होता, तो डोळा न काढता म्हणाला, "मॅडम, ये तो रुकतीच नै." उंचवटा आला. तू तो ओलांडलास आणि पलीकडं दिसेनाशी झालीस. मागं नुसतं कुसळी गवत हलत राहिलं.

पुन्हा घ्यायला उजेड उरला नाही. सानिका दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली आणि नंतर तिची परीक्षा आली. मरण्याचा शॉट माझ्याकडं नव्हताच. एडिटिंगला बसल्यावर मी नाइलाजानं तसंच ठेवलं. ती पळते, गोळीचा आवाज येतो, ती पळतच राहते, रिकामा माळ, संपलं.

सिनेमा आधी आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. तू सांगितलं होतंस, "ताई, नाव नका घालू." मी लगेच ऐकलं होतं, 'विशेष साहाय्य: स्थानिक महिला' एवढंच घातलं. तुझ्या शब्दाला मान दिला म्हणून, की मला ते सोयीचंच होतं म्हणून, याचा विचार मी अलीकडं करते आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. पण त्या दिवशी टाळ्या पडल्या आणि मी भारावले. माइक हातात होता. तू मागं दाराशी उभी होतीस, हॉस्टेलच्या बायकांबरोबर. मी तुला नावानं हाक मारली, स्टेजवर बोलावलं आणि साऱ्या कॉलेजला सांगितलं की ही आमची पारधी भगिनी, हिच्याशिवाय हा सिनेमा झाला नसता. शाल दिली, नारळ दिला. पोरींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तू नारळ पोटाशी धरून उभी होतीस. मला वाटलं, तुला गहिवरून आलंय.

पंधरा दिवसांनी हॉस्टेलात एका मुलीचं कानातलं हरवलं. आठ वर्षं तू तिथं होतीस, किती तरी कानातली हरवली असतील. या वेळी तुला ऑफिसात बोलावलं. कुणी काही म्हणायच्या आधीच तू तुझी पिशवी टेबलावर उलटी केलीस म्हणे. डबा, कंगवा, गुडघ्याच्या मलमाची ट्यूब, लेकीच्या कॉलेजचं ओळखपत्र. कानातलं संध्याकाळी बेसिनच्या जाळीत सापडलं. दुसऱ्या दिवशी तू कामावर आलीस, भाकऱ्या केल्यास. महिना संपल्यावर "गुडघं लई दुखत्यात" म्हणून काम सोडलंस आणि टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला बसलीस.

मला हे सगळं नंतर कळलं. मी ऑफिसात जाऊन बोलले. किती जोरात बोलले? हे मला स्वतःलाच विचारावं लागतं. मी म्हणाले, "असं व्हायला नको होतं." त्यांनी मान्य केलं. मग आम्ही चहा प्यालो.

तुझ्याकडं यायचं धाडस दोन महिने झालं नाही. त्या दोन महिन्यांत सिनेमा एका महोत्सवात निवडला गेला. परीक्षकांपैकी एक बाई स्टेजवर माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, की इतक्या सिनेमांत त्या टोळीतल्या मुलीला मरताना पाहिलंय, ही पहिलीच मुलगी मरायचं नाकारते. मग मला विचारलं, हा शेवट आधीपासूनच ठरला होता का? समोर दोनशे माणसं होती. मी म्हणाले, "हो. मला तेच म्हणायचं होतं."

पेपरातल्या बातमीचं कात्रण घेऊन मी तुझ्या खोलीवर आले. का आणलं होतं ते? तुला दाखवायला, की तुझ्याकडून कबुली घ्यायला, की द्यायला? तू ते खिडकीशी धरून अक्षर अक्षर लावत वाचलंस. "लेखिकेनं हा शेवट... जाणीवपूर्वक... जाणीवपूर्वक म्हंजी?"

"म्हणजे ठरवून."

"व्हय? तुमी ठरवून केलंत?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मग कात्रणाची घडी घालून मला परत दिलीस आणि विचारलंस, "च्या ठिवू का?"

त्यानंतरही तू माझ्याशी संबंध का ठेवलास, हा माझा दुसरा प्रश्न. तो मी तुला कधी विचारला नाही. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी फक्त फोनवर बोलता बोलता सांगितलं, आणि तू दुसऱ्या दिवसापासून कारखाना सुटल्यावर यायला लागलीस. तिचे केस विंचरायचीस, तिला भरवायचीस. आईला मी सांगितलं होतं, "हॉस्टेलातल्या मावशी आहेत." एवढंच. सोवळंओवळं पाळणारी माझी आई. भर हॉलमध्ये मी तुझी जात माइकवरून सांगितली आणि घरात लपवली. तुझ्या लक्षात आलंच असणार. आईनं एकदा विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?" तू म्हणालीस, "अक्कलकोटकडचं," आणि माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस.

आई सुधारली. ती मला म्हणायची, तुझी ती मावशी फार छान गोष्ट सांगते, राजाच्या मुलीची. राजाची मुलगी परक्या माणसाच्या प्रेमात पडते, लढाई होते, आणि शेवटी ती त्याचाच घोडा घेऊन निघून जाते. मला ओळखू यायला दोन दिवस लागले. तो तोच घोड्याचा सिनेमा होता. तुझ्या गोष्टीत तिला आईसुद्धा होती म्हणे, बाभळीखाली बसून शिव्या घालणारी. मी हसले, आणि मग हसता हसता थांबले. ही गोष्ट तू पळालीस त्याच्या आधी रचली होतीस की नंतर? ती आधीची असेल तर तू माळावर जे केलंस ते ठरवून केलंस. मी विचारायचं ठरवलं आणि राहून गेलं. तुझे आभार मानायचेही राहून गेले. आई तुझ्या हातचं जेवत होती, हेच मला पुरेसं वाटत होतं.

मुख्य प्रश्न मात्र मी विचारत राहिले. पहिल्यांदा त्याच संध्याकाळी, गाडीत. तू म्हणालीस, "काटा मोडला ताई. थांबले असते तर लई रुतला असता." दिवाळीत तू चिवडा घेऊन आलीस तेव्हा पुन्हा विचारलं. "फटाका ऐकूच आला न्हाय. होटगीकडनं गाडी चालली व्हती." मी इरफानला विचारलं, तर तो म्हणाला त्या वेळेला गाडीच नसते. आणि आता या होळीला, फोनवर, तू म्हणालीस, "ताई, आमच्यातली बाई पळायला लागल्यावर मागनं आवाज आला तर पडत न्हाय. आनकी जोरात पळती. तुमी सांगितलं ते ध्यानात व्हतं, पर पायांनी ऐकलं न्हाय."

मी म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"मस्करी केली ओ," तू म्हणालीस आणि टॉवेलांच्या कारखान्यातल्या कुठल्याशा मुकादमाची नक्कल करायला लागलीस.

ते आपलं शेवटचं बोलणं.

मागच्या आठवड्यात एका संस्थेनं सिनेमा दाखवायला मागितला. मी कळवलं, दाखवा, पण आधी सांगा की शेवट माझा नाही. त्यांचा निरोप आला, मग कुणाचा? मी लिहिलं, सांगता येत नाही. त्यांना वाटलं असेल मी काहीतरी गूढ बोलतेय. तुझ्या लेकीला मी हे दाखवलं. ती म्हणाली, "एवढं चालेल."

मग मी इरफानला गाठलं. वाटलं, मूळ चित्रण पाहिलं तर काही कळेल. त्यानं जुन्या डिस्कमधून शोधून काढलं. "मॅडम, मैं कॅमेरा बंद नै किया था. आगे का पूरा है." मी ते घरी एकटीनं पाहिलं नाही. धीर झाला नाही. लॅपटॉप घेऊन काल तुझ्या खोलीवर गेले. तुझी लेक दारातच बसली होती, तुझ्या साड्यांच्या घड्या घालत. आम्ही दोघी सतरंजीवर बसलो.

तू पळतेस. "आईच," ती म्हणाली. "डावी मूठ बघा, आवळलेली." उंचवट्यापलीकडं तू जातेस. मग बराच वेळ नुसता माळ. मग तुझं डोकं वर येतं, खांदे, आणि तू चालत परत यायला लागतेस. लंगडत नाहीस. पण एका जागी वाकतेस. पायाकडं? की काही उचलायला? मी तो तुकडा तीनदा मागं नेला. गवताआड काही दिसत नाही.

तू येत राहतेस. सहा वर्षांपूर्वीचा तुझा चेहरा हळूहळू मोठा होत जातो, घामानं निथळलेला, तरुण. पार जवळ येऊन थांबतेस आणि काहीतरी बोलतेस. लांबच्या शॉटला आम्ही आवाज घेतला नव्हता. वाटलं, इथंच आहे ते. तू का पडली नाहीस, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस आणि मी विसरले.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

तुझ्या लेकीनं पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा पाहिलं. "पाणी मागतेय," ती म्हणाली. "आमच्या बोलीत. फार दमली की ती मराठी बोलायची नाही."

पुढं चित्रात मी येते. माझी पाठ दिसते, हातात कागद. तू पुन्हा तेच बोलतेस. मी काय बोलते ते दिसत नाही, पण माझा हात वर होतो आणि माळाकडं जातो. पुन्हा एकदा, असं असणार. तू मागं वळून पाहतेस. सूर्याकडं पाहतेस. मग लुगड्याचा ओचा खोचतेस आणि त्या उंचवट्याकडं चालायला लागतेस. तिथं चित्र थांबतं. उजेड संपला होता, ती खेप घेतलीच नाही.

महिनाभर मी तुझ्या बोलीतले शब्द वहीत उतरवून घेतले होते. तो शब्द त्यात असणार. मला तो तेव्हा कळला नाही, की ऐकूच आला नाही, की कळून मी हात वर केला?

"नंतर दिलं का हो पाणी तिला?" तुझ्या लेकीनं विचारलं. रागानं नाही. सहज, आपण विचारतो तसं.

"मला आठवत नाही गं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. मी खूप आठवून पाहिलं.

ती उठली. मला वाटलं आता जा म्हणेल. ती आत गेली आणि माझ्यासाठी तांब्या आणि पेला घेऊन आली. मी दोन पेले प्याले. मग काय करायचं ते सुचेना, तशीच बसून राहिले. तीही साड्यांच्या घड्या घालत राहिली.